आता बरं वाटतंय की मघाशी?

माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज मी एका दुपारी कचरापेटीत टाकला आणि वर, काम अर्धवट सोडायची सवय नसल्यामुळे, कचरापेटीही रिकामी केली.

त्याचं असं झालं. बहिणीच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. ती आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे जावईबापू, हॉस्पिटलात, घर राखायला मी. घर राखणं म्हणजे झाडांना पाणी घालणं आणि दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावणं. माझ्या सहलीचे फोटो त्यांच्या कॉम्प्युटरवर चढवायला गेलो, तर तो म्हणे जागा नाही. आत पाहतो तो ‘ऑडिओ एक’, ‘ऑडिओ एक नवा’, ‘ऑडिओ एक नवा खरा’ अशी बेवारशी पोरं जिकडेतिकडे लोळत पडलेली. गाण्यांच्या रंगीत चित्रवाल्या फाइली मी शहाण्यासारख्या जपल्या आणि हा केर तेवढा काढला. फोटो ऐसपैस बसले.

जावईबापू चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम ठेवायची, काच बदलायची आणि विचारायचं, “आता बरं दिसतंय की मघाशी?” गिऱ्हाईक कंटाळून कधीतरी “हेच” म्हणतं आणि सुटतं. जावईबापूंना घरी मात्र कोणी सोडवणारं नव्हतं. हौस एकच, बायकोचं गाणं घरच्या घरी नीट रेकॉर्ड करायचं. तिचा आवाज असा, की चुकून फोन लागलेली माणसंही फोन ठेवत नसत.

पण करायचं कुठल्या सॉफ्टवेअरात? एक फुकट पण रडकं, दुसरं देखणं पण ट्रायल संपली की तोंड मिटणारं, तिसऱ्यात बटणंच इतकी की विमान उडवावं. प्रत्येकात ते बहिणीकडून त्याच चार ओळी गाऊन घेत, मग माझ्या कानांवर हेडफोन चढवत.

“दादा, आता बरं वाटतंय की मघाशी?”

“अहो, एखादं गाणं पुरं तरी होऊ द्या,” बहीण म्हणायची. “तुमचं ठरेपर्यंत मी म्हातारी होईन.”

“आधी ठरू दे. मग एकदाच काय ते नीट करू.”

डॉक्टर म्हणाले, आवाज राहीलच असं नाही. तेव्हा कुठे घाबरून त्यांनी एक अंगाई पुरी घेतली. तिची दुसरी प्रत? ती सॉफ्टवेअर ठरल्यावर करणार होते.

बहीण घरी आली ती नुसती कुजबुज घेऊन. जावईबापू चपला न काढताच कॉम्प्युटरपाशी बसले. पडद्यावर अंगाईच्या पट्ट्या जागच्या जागी, रंगसुद्धा तेच. त्यांनी बटण दाबलं. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत मुकाट्याने चालत गेली. कोपऱ्यात उमटलं: फाइल सापडत नाही.

“दादा, तुम्ही काही...”

“थोडा केर काढला, एवढंच.”

रंगीत फाइलीत नुसती मांडामांड असते, आवाज असतो तो त्या बेवारशी पोरांत, हे मला तेव्हा कळलं. दुरुस्तीवाल्यानं बराच वेळ खटपट केली. “त्या जागेवर फोटो बसलेत, आता काही निघायचं नाही,” तो म्हणाला. “फोटो मात्र झकास आलेत हां!”

बहिणीनं तोंडाला पदर लावला. ती हसली की रडली, आवाज नसल्यामुळे कळलं नाही.

मग जावईबापूंनी एकेक सॉफ्टवेअर उघडलं. सगळी मुकी. शेवटचं एक मात्र बोललं. ते आवाज स्वतःच्या पोटातच ठेवणारं होतं. त्यात बहिणीचा नंबर लागायच्या आत ऑपरेशन आलं होतं. माइक तपासायला फक्त मला उभं केलेलं.

“हॅलो, हॅलो! एक, दोन, तीन. जावईबापू, चहाचं बघा की जरा!”

स्वच्छ, खणखणीत. शेजारच्या खोलीतून बहीण धावत आली, दारातच थांबली आणि परत गेली.

जावईबापूंनी ती पट्टी निवडली आणि पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. मला वाईट वाटलं. म्हटलं, “अहो, निदान माझा आवाज तरी राहू द्या. आठवण म्हणून.”

“तुमचा कुठे गेलाय?”