गेलेल्या मित्राचा प्रचार

निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यातली दुपार. मी लालबागला माहेरी गेले होते. जेवणं उरकत होती तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून ते नेहमी स्पीकर लावूनच बोलतात.

"काय, जेवलात का?" पलीकडून आवाज आला.

माझ्या हातातलं ताट हातातच राहिलं. तो आवाज आमच्या जुन्या नगरसेवकाचा होता. बाबांचा मिलपासूनचा दोस्त. गेल्या वर्षी तो वारला, तेव्हा बाबांनी त्याच्या तिरडीला खांदा दिला होता.

"मेल्या, तू?" बाबा अर्धवट उठले. "जेवलंय रे! खंय आसस?"

आवाज थांबला नाही. मी तुमच्यात नसलो तरी माझा मुलगा उभा आहे, त्यालाच मत द्या, असं तो सांगत राहिला. बाबा मध्ये मध्ये कुठे आहेस म्हणून हाका मारत होते आणि तो आपला मुलाचं चिन्ह समजावत होता. मग फोन कट झाला. लगेच चाळीतल्या शेजारच्या खोलीत फोन वाजला आणि तोच आवाज आला, तीच विचारपूस. मग गॅलरीच्या पार टोकाहून. आई भिंतीला धरून खाली बसली.

हल्ली कॉम्प्युटरवर कोणाचाही आवाज बनवता येतो, हे मी बाबांना समजावलं. ते संतापले. "मेलेल्या माणसाकय प्रचाराक जुपल्यानी!"

तो मुलगा बाप गेल्यापासून चाळीत एकदाही फिरकला नव्हता. त्याला मत द्यायचं नाही, हे बाबांनी आधीच ठरवलं होतं. आता तर प्रश्नच मिटला, असं मला वाटलं.

मतदानाच्या दिवशी मी त्यांना हाताला धरून शाळेत नेलं. बाहेर आल्यावर सहज विचारलं, "कोणाला दिलंत?"

"त्याच्या झिलाक."

त्याच्याच मुलाला! मी भर रस्त्यात थांबले. "बाबा, अहो, त्यांनी तुम्हाला फसवलं!"

"फसवल्यानी. माका म्हायत आसा," ते म्हणाले. "पण बटण दाबताना तो कानात बोलत होतो. त्याका नाय कसा म्हणू?"

उमेदवारांची माहिती वाचून, तुलना करून मत देणारी मी. माणूस मत का देतो, हे आपल्याला कळतं असं मी धरून चालले होते. ज्या कोणी तो आवाज बनवला, त्याला माझे बाबा माझ्यापेक्षा जास्त कळले होते.