शेजारच्या बाटल्यांची झाकणं

शेजारची मुलगी नाल्यातल्या गाळावर पीएचडी करत असली, की किस्से शोधावे लागत नाहीत. भिंतीवरून डोकावलं की झालं! आणि डोकावण्यात मी कधी कमी पडले नाही.

*

आमचे शेजारी सलीमभाई इथे जळगावात घरामागेच ओढण्या रंगवतात. उरलेलं पाणी नाल्यात. नाला कधी लाल, कधी जांभळा! शेवटी प्रदूषण मंडळाची नोटीस आली: पाणी साफ करा, नाहीतर काम बंद.

त्यांची लेक शबाना म्हणाली, "अब्बा, गाळातले जंतू रंग तोडतात. त्यांनाच कामाला लावू."

सलीमभाई म्हणाले, "आपले दोन कारागीर वेळेवर येत नाहीत बेटा, हे येतील?"

*

कढीसाठी दही मागायला गेले आणि सवयीने त्यांचा फ्रिज मीच उघडला.

"काकू, ती वरची बरणी नको!" शबाना किंचाळली.

"का गं, आंबट आहे?"

"नाल्यातली आहे!"

*

मग त्यांच्या जिन्याखाली पाच बाटल्या आल्या. तळाला गाळ, वर लाल पाणी, झाकणं घट्ट. शबाना कॉलेजला गेलेली. आत जिवंत जंतू आणि असं कोंडून ठेवलेलं! माझा जीव कळवळला. सगळी झाकणं उघडली. एका बाटलीत गुळाचा खडाही टाकला. उपाशीपोटी कोण काम करतं?

शबाना आली आणि बाटल्यांकडे धावली. "काकू, हे बंद बाटलीतच रंग तोडतात. हवा मिळाली की रंगाला हात लावत नाहीत!"

मंडळाचे साहेब तपासणीला यायला पंधराच दिवस उरले होते. ती रडली नाही, मीच रडले. सलीमभाईंनी मला चहा दिला. "जाऊ द्या भाभी, माझे कारागीरही दार उघडं दिसलं की पळतात!"

तिने झाकणं पुन्हा आवळली.

*

साहेब आले त्या दिवशी चार बाटल्या गुलाबी, आणि गुळाची एकदम पाण्यासारखी! आमचे हे ओरडले, "बठ्ठा रंग गया ना वं!" सगळा रंग गेला होता, खरंच!

साहेब खूश. "झालं की पाणी साफ!" त्यांनी पेन काढलं.

"नाही साहेब," शबाना म्हणाली. "रंग गेला, पण त्याचे तुकडे पाण्यातच आहेत. विषारी आहेत ते."

सलीमभाईंचा चेहरा पडला. मी तिला चिमटा काढला. गप्प बसली तर ना!

"मग ते कोण काढणार?" साहेबांनी विचारलं.

"दुसरे जंतू. गाळातच आहेत. पण त्यांना हवा लागते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि महिन्याची मुदत लिहून दिली.

शबानाने ती बाटली माझ्यापुढे सरकवली.

"काकू, आता उघडा झाकण!"