दालनातला नवरा

"काय हो, बसलेच आहात का अजून?" संग्रहालयातलं आदिवासी दालन सकाळी उघडलं की दीदी आधी हे विचारायची. उत्तर कधी यायचं नाही. मांडी घालून टोपली विणत बसलेला तो माणूस प्लास्टरचा होता.

रायपूरच्या त्या संग्रहालयात मी कारकून होते, ती तिकीट खिडकीवर. दोघींची माणसं मूळची विदर्भातली, म्हणून डबा एकत्र खायचो. सगळेच तिला दीदी म्हणत, साहेबसुद्धा.

त्या पुतळ्याला चेहरा होता तिच्या नवऱ्याचा. तो आमच्याच खात्यात पुतळे घडवायचा. बस्तरच्या खेड्याचा देखावा त्यानंच केला आणि टोपलीवाल्याला आरशात बघून स्वतःचे नाकडोळे दिले. पुढे छत्तीसगड वेगळं झालं, कर्मचाऱ्यांची वाटणी झाली. कोणी रायपूरला राहिलं, कोणी भोपाळला गेलं. यानं बायकोला न विचारता भोपाळ मागून घेतलं. तिथं त्याची दुसरी बाई आहे हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. दीदीला सगळ्यांत शेवटी कळलं.

तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. रडून मोकळ्या होतात, नाहीतर नवऱ्याचं नाव घेणं सोडतात. दीदीनं यातलं काही केलं नाही. तिनं पुतळ्यांची धूळ झटकायचं काम मागून घेतलं. मुसळवाली बाई, ढोलासारखा मांदर वाजवणारा, अंगणातला कोंबडा, सगळं लख्ख ठेवायची. टोपलीवाल्याला मात्र फडकं लावलं नाही. त्याच्या नाकापासून कानापर्यंत कोळ्यानं जाळं केलं. साहेबांनी टोकलं की "हव सर" म्हणायची आणि जाळं तसंच राहायचं. शाळेची सहल आली की बोट दाखवून सांगायची, "ये आदमी बैठे-बैठे खाता था." पोरं हसत. तिचं तेवढ्यानं भागत नसे.

मग एका दुपारी तो स्वतःच आला. केस पांढरे, हातात रेग्झिनची बॅग. खिडकीशी वाकून म्हणाला, "मी आहो."

"दिसून राहिलं. तिकीट घ्या."

"अवं, मीच बनवलं ना ते दालन."

"बनवणाऱ्यालेही तिकीट लागते."

त्यानं मुकाट्यानं तिकीट घेतलं. ती त्याला दालनात घेऊन गेली. मला धास्ती वाटली, म्हणून मीही मागोमाग गेले.

"भोपाळवालीनं घराबाहेर काढलं मले," तो म्हणाला. "तुह्याशिवाय कोणी नाही आता. घरी घेऊन चाल."

दीदीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुतळ्यासमोरच्या बाकाकडे हात केला. "बसा."

तो बसला. आम्ही बाहेर आलो. जेवणाच्या सुट्टीत दालनं बंद असत. दीदीनं दार ओढलं आणि कुलूप घातलं.

डबा उघडला तोवर आतून दार वाजायला लागलं. "दीदी, उघडा ना," मी म्हणाले. "म्हातारा माणूस आहे."

"मी कोंडल्यावानी राहिली इतके वर्षं. कोणी उघडलं?" तिनं लोणच्याची फोड माझ्या डब्यात ठेवली. "जेव तू."

दार वाजायचं थांबलं. ती सावकाश जेवली, डबा घासला, मग कुलूप काढलं. तो पुतळ्यापुढे उभा होता. हातातला रुमाल जळमटांनी काळा झाला होता. पुतळ्याचा चेहरा त्यानं स्वच्छ पुसला होता.

दीदी त्याच्या आणि पुतळ्याच्या मधे जाऊन उभी राहिली. "कोणाले विचारून पुसला?"

"चेहरा माहाच आहे ना."

"तुमचा तुम्ही भोपाळले घेऊन गेले. हा माह्यापाशी राहिला. याचं काय करायचं ते मी पाहीन."

तो बॅग उचलून निघाला. दीदी बाकावर बसली आणि कितीतरी वेळ त्या पुसलेल्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. त्या दुपारी खिडकीवर मी बसले.

आता दीदी नाही. निवृत्त होऊन बहिणीकडे अमरावतीला गेली, तिथंच वारली. मला आठवते ती त्या दिवशीच्या संध्याकाळची.

आम्ही सुटलो तेव्हा तो फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी थांबलेला होता. आम्हाला पाहून उठला. दीदी त्याच्यासमोरून चालत गेली आणि सदर बाजारच्या ऑटोत बसली. मी शेजारी. तिनं पदर नीट केला, पाठ ताठ केली. ऑटोवाल्यानं गाडी दामटली तशी ती म्हणाली, "भैया, धीरे चलाओ."

आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नीट पाहू दे त्याले, मी जाऊन राहिली ते."