सातवं नाव

रिकामी बॅग घेऊन कुणी प्रवासाला निघतं का? मी निघाले. नगरच्या स्टँडवर यवतमाळच्या गाडीत चढताना कंडक्टरनं बॅग जोर लावून उचलली, ती इतकी हलकी निघाली की बिचारा मागच्या मागं कलला. आत माझ्या दोन साड्या होत्या. बाकीची जागा माझ्या धाकट्या बहिणीच्या, रूथच्या सामानासाठी. तिला कायमचं घरी आणायचं, एवढंच माझं काम होतं.

रूथ वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन घाटंजीपलीकडच्या एका खेड्यात गेली. नवरा वारला तरी तिथंच राहिली. तिच्या ओसरीवर दर रविवारी पाच-सहा बायका प्रार्थनेला जमतात. तीन आठवड्यांपूर्वी भर प्रार्थनेत गावातलीच पोरं घुसली. त्यांनी गाण्यांची पुस्तकं फाडली, ढोलकी फोडली, एका म्हातारीला ढकललं, तिचा हात मोडला. हे सगळं फोनवर सांगून रूथ मला म्हणते, "ताई, काळजी नको करू, प्रार्थना कर." माझं डोकंच फिरलं. बत्तीस वर्षं शाळेत पोरं हाकली मी, अशा पोरांना काय करायचं ते मला ठाऊक आहे.

यवतमाळला उतरेपर्यंत कंबरेचा पार भुगा झाला होता. घाटंजीची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली, दुसरी दीड तासानं. तोवर एका गाड्यावर आलूबोंडा खाल्ला, त्यावर गाडेवाल्यानं न विचारता तर्री (लालभडक तिखट रस्सा) ओतली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी! घाटंजीला बाजाराचा दिवस, म्हणून जीपमध्ये कोंबड्या, मिरच्या आणि मी. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची (कपाशीची) शेतं. ही बोंडअळीची वर्षं. लांबून पांढरं दिसायचं, जवळ गेलं की निम्मी बोंडं किडकी, काळवंडलेली.

ड्रायव्हरनं विचारलं, "कोणाकडं जायचं हाय, मावशी?"

"रूथबाईंकडं."

जीपमधल्या सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मग तोच म्हणाला, "बाई चांगली हाय. पण तुमी लोकं कायले झगडे ओढवून घेता?"

ऐका! मार खाल्ला आम्ही, आणि झगडे ओढवून घेतले तेही आम्हीच. हे बोलून दाखवलं असतं तर त्यानं मला वाटेतच उतरवलं असतं.

रूथ वाळली होती. जेवायला चून (आपला झुणका), भाकरी आणि कच्चा कांदा. मी बॅग उघडून खाटेवर ठेवली. रूथनं बॅगेकडं पाहिलं आणि माझ्या ताटात आणखी चून वाढलं.

"अन् ह्या पाच जणी कोणाच्या भरवशावर सोडू?" ती म्हणाली. ही आता वऱ्हाडीच बोलते.

"रविवारी येतं तरी का कुणी?"

"नाही येत. भेतात. हवालदारबी म्हणे, थोडे दिवस बंद ठेवा." पोरांना दम द्यायचा सोडून याला बायकांनाच गप्प बसवायचं सुचलं. हात टेकले मी.

दुसऱ्या दिवशी शनिवार. रूथ कापूस वेचायला निघाली, मीही गेले, घरात बसून संतापण्यापेक्षा बरं. कंबरेला ओटी (कापूस टाकायची झोळी) बांधून एकेक बाई एकेका तासात (पऱ्हाटीच्या ओळीत) शिरली. माझी बोटं घटकाभरात सोलवटून निघाली. दुपारी बाभळीखाली रूथ आणि तिच्या प्रार्थनेतल्या चौघी जणी भाकरी सोडण्याआधी डोळे मिटून बसल्या. रूथ नावं घेऊ लागली, "नंदू, सचिन, गजानन, पप्पू, अमोल, रवी. देवा, ह्यायचं भलं कर. ह्यायच्या घरी सुख दे."

मला कळायला वेळ लागला. ही त्याच पोरांची नावं होती! रोज घेतात म्हणे. काय म्हणावं या बाईला? मी डोळे टक्क उघडे ठेवून बसले. मी तरी ही नावं तोंडातून काढणार नव्हते.

थोडं पलीकडं गंगाबाई एकटीच जेवत होती. नंदूची आई, टोळीचा म्होरक्या तो. ती हात पुसत उठली आणि सरळ आमच्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता भांडण.

"रूथबाई," ती म्हणाली, "माह्या बंडूचं नाव काहून नाही घेत तुमी?"

बंडू तिचा धाकटा. रूथ गोंधळली. "तो कुठं होता, मावशी?"

"होता ना! ढोलकी त्यानंच फोडली. तवापासून धड जेवून नाही राह्यला. मोठ्याचं नाव रोज घेता, लहान्यानं काय केलं? असा दुजाभाव कायले करता?"

"अहो बाई, तुमच्या पोरानं..." मी सुरू झाले, पण रूथनं माझा हात दाबला. तिनं पुन्हा डोळे मिटले, पुन्हा सहा नावं घेतली आणि सातवं घेतलं. गंगाबाई डोक्यावर पदर घेऊन उभीच होती. मग म्हणाली, "उद्या इतवार. दार उघडा. मी येऊन बसीन वसरीवर. पाहू कोण येते त."

ती आली. आमच्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून पायरीवर बसली आणि सूपभर तुरीच्या शेंगा सोलत राहिली. आत पाच जणी होत्या, त्यांत हात गळ्यात बांधलेली म्हातारीसुद्धा. नंदू दोनदा रस्त्यावरून गेला. आईनं मान वर केली, तसा पुढं चालू लागला.

निघताना रूथनं माझी बॅग फाटक्या पुस्तकांनी भरली. "नगरले बांधून घे अन् पाठव." बहिणीला आणायला गेलेली मी, गठ्ठा घेऊन परतले. बॅग आता इतकी जड की कुणी हात लावेना.

पुढच्या रविवारी आमच्या देवळात (चर्चमध्ये) पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "प्रार्थनेसाठी कुणाची नावं आहेत का?" कुणाचं ऑपरेशन होतं, कुणाच्या नातवाची परीक्षा. मी उठले. राग काही गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. घाटंजीकडची पोरं आहेत म्हटलं, हजेरी घ्यावी तशी सहा नावं घेतली आणि खाली बसले.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले होते. मी पुढचा बाक धरून पुन्हा उभी राहिले.

"थांबा," म्हटलं, "एक राहिला. बंडू. तो जेवत नाहीये."