आडावरच्या कवड्या

गुलबर्ग्याला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा माझ्या होस्टेलच्या खोलीतल्या एकाला त्याच्या परदेशातल्या भावानं एक खेळ पाठवला होता. पट न्हाई, सोंगट्या न्हाईत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. तुम्ही कुठं उभे आहात, समोर काय आलंय, हे सांगणारा सांगतो. आपण काय करायलोय ते ज्याचं त्यानं बोलायचं. काम अवघड असलं की फासा टाकायचा, जमलं का फसलं ते फासा ठरवतो. तीन-चार वेळा मी नुसतं बसून बघितलं आणि मला वाटलं, हे तर आपल्याला ह्या सगळ्यांपेक्षा चांगलं जमंल. लहानपणापासून ही खोड हाय मला.

सुट्टीत गावी आलो. आमचं गाव राजेश्वरच्या अलीकडं. परदेशी फासे कुठून आणायचे, म्हणून आईच्या डब्यातल्या सात कवड्या घेतल्या. चार किंवा जास्त उताण्या पडल्या तर जमलं, न्हाईतर फसलं. बसायचं शिंप्याच्या दुकानात, रविवारी दुपारी. त्या वेळी लाइट जायची, म्हणून गिरणी बंद आणि गिरणीवाला मोकळा. शिंपी तर दुकानातच. तिसरा गडी माझा वर्गमित्र. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. आता तो लाइट खात्यात वायरमन होता आणि गिरणीवाला त्याला दर रविवारी म्हणायचा, "आम्हाला अंधारात ठिवून इथं खेळायला येतोस व्हय?" त्याचं घर बौद्धवाड्यात. त्याच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा आम्ही दोघंबी जन्माला आलो नव्हतो.

खेळ म्हणजे सगळा आनंदच होता. शिंपीअण्णा झाला चोर. जंगलात दरोडेखोर आडवा आला तर हा विचारतो, "अंगात कापड कुठलं हाय त्याच्या?" मी म्हणलो, "अण्णा, हातात तलवार हाय त्याच्या." तर म्हणतो, "असू दे की. शिलाई कशी हाय ते सांग." गिरणीवाला झाला वैद्य. त्याला प्रत्येक गावात मुक्काम करायचा असायचा, कारण मुक्कामाला जेवण काय हे मी तपशिलानं सांगायचो. त्या दोघांना वेळ घालवायचा होता. मी चिडायचो, कवड्या आवळून उठायचो, आणि ते हसत मला धरून खाली बसवायचे.

खेळायचं होतं ते फक्त वायरमनला. तो झाला सरदार. दुसऱ्या रविवारी येताना त्यानं एका पुठ्ठ्यावर सगळं लिहून आणलं होतं: सरदाराचं नाव, कुठल्या लढाईत जखम झाली, घोड्याचा रंग, घोडा चंदी किती खातो. कवड्या टाकायच्या आधी तो पाठ सरळ करून बसायचा. त्या पुठ्ठ्याचा मला फार अभिमान वाटला होता, जसा काय तो मीच लिहिला होता.

तिसऱ्या रविवारी तिघं एका गावाशी पोचले. दोन दिवस चाललेले, पखाली कोरड्या. कुठलंबी गाव सांगायचं असलं की मी आमचंच गाव डोळ्यांपुढं धरायचो. म्हणून तर माझं सांगणं खरं वाटतं, असं मीच लोकांना सांगायचो. तर आमच्या गावातला जुना आड सांगायला लागलो. दोरीनं झिजलेला दगड सांगितला, कप्पीची कुरकुर सांगितली.

शिंपी म्हणला, "मी पाणी शेंदतो."

मी म्हणलो, "शेंद. गार हाय."

गिरणीवाला दोन तांबे प्याला. मग सरदार म्हणला, "मी घोड्यासाठी पाणी काढायलोय. त्याला पाजून मग मी पितो."

"थांब," मी म्हणलो. "तू बाजूला उभा ऱ्हा. कुणीतरी येऊन तुला वरून ओतंल."

हे मी ठरवून बोललो असतो तर निदान दुष्टपणा म्हणून मोकळा झालो असतो. ठरवलं काहीच न्हवतं. शाळेला जाताना त्याच आडापाशी त्याची आई घागर घेऊन उभी असलेली मी रोज बघायचो. कुणी ओततंय का, वाट बघत. पुढं बोअर आलं आणि आम्ही पावण्यांना छाती फुगवून सांगायला लागलो, आमच्या गावात आता तसलं काही न्हाई. पण माझ्या तोंडात ते जसंच्या तसं बसलेलं होतं. आड सांगितला आणि त्याच्यासंगं तेबी बाहेर पडलं.

"कामून?" त्यानं विचारलं. आवाज चढला न्हाई. "मी सरदार हाय."

इथंच 'चुकलं गड्या' म्हणलो असतो तर भागलं असतं. पण मी सांगणारा. सांगणाऱ्याचा शब्द फिरत न्हाई, ही ऐट. वर माझा पारा. चूक दाखवली की मला आधी रागच येतो, अजून येतो. मी कवड्या त्याच्यापुढं सरकवल्या. "टाक. चार उताण्या आल्या तर तूच शेंद."

शिंप्यानं खाली मान घालून सुईत दोरा ओवायला घेतला. गिरणीवाला रस्त्याकडं बघायला लागला. मी काय केलं ते त्या दोघांना माझ्या आधी कळलं होतं.

त्यानं कवड्या टाकल्या. पाच उताण्या पडल्या. मी म्हणलो, "जमलं की गड्या. शेंद आता, पाहिजे तेवढं शेंद." सांगायला लाज वाटती, पण त्या घडीला मी खुशीत होतो. कवड्यांनी मला सोडवलं असं वाटलं.

त्यानं कवड्या गोळा केल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. "गाव तूच केलास, आड तूच केलास," तो म्हणला. "ह्या दोघांना टाकायला लावल्या न्हाईस." मग पुठ्ठा घडी करून खिशात घातला आणि चप्पल घालून गेला.

पुढचे दोन रविवार तो आला न्हाई. शिंपीअण्णा म्हणला, "जा, माफी मागून ये. जीभ काय झिजत न्हाई." मी आधी त्याच्यावरच खेकसलो. चार दिवसांनी गेलो. चौदा वर्षांची दोस्ती, आणि त्याच्या घरी मी पहिल्यांदा जायलालो, हे चालता चालता ध्यानात आलं. वाट विचारावी लागली.

त्याच्या आईनं तांब्याभर पाणी आणलं. मी एका दमात प्यालो. पिताना मनात काय होतं ते आज स्पष्टच सांगतो. बघा, मी तुमच्या घरचं पाणी प्यायलोय, हे मनात होतं. कुणी बघतंय का तेबी मी बघितलं. ती बाई 'आणखी देऊ का लेकरा' म्हणत उभी होती आणि मी आपल्या मोठेपणाचा घोट गिळत होतो. थू माझ्या जिंदगानीवर.

मग तो समोर येऊन बसला. माफी मागायला आलो होतो. तोंडातून निघालं ते असं: "तुझ्याबिगर खेळ अडलाय रं. घोडा उपाशी बांधलाय तुझा." मी हसलोसुद्धा.

तोबी थोडा हसला. "दुसरा सरदार बघा," म्हणला.

मला वाटलं, आम्हा तिघांना म्हणायलाय. थोडा वेळ पाऊसपाण्याचं बोललो आणि उठलो. तो मला सोडायला दारापर्यंत आला. "सांभाळून जावा," म्हणला. "वळणावर खड्डा हाय, तुम्हाला माहीत नसंल."

तुम्हाला. पहिलीपासून मला तू म्हणणारा, भांडणात शिव्या देणारा माझा दोस्त.

तो पुढं मोठा साहेब झाला. आमच्या तालुक्याच्या गावी, कल्याणच्या स्टँडवर भेटला की थांबतो, हसतो, "तुम्ही कवा आलात, घरचे बरे हायत का" विचारतो. मी त्याला तूच म्हणतो. मीबी तुम्ही म्हणलो तर उरलंसुरलंबी जाईल, ही भीती. पण बाजूला उभा असलेला माणूस आमचं बोलणं ऐकतो, एक तू म्हणतोय, एक तुम्ही म्हणतोय, आणि त्याला वाटतं, ह्या गावात जुनीच रीत चाललीय. त्याला मी काय सांगू?