राक्षसाची बांधी

ओमेश्वरच्या हातून काही धड होत नाही, हे आमगावजवळच्या त्या गावात सर्वमान्य होतं. ते मान्य करून घ्यायचं कामही त्याच्या वडिलांनी, दुर्गाप्रसादांनी, जातीनं केलं होतं. ओमेश्वर ऐन तरुणपणी एकदा रोवण्याला, धानाची रोपं लावायला, चिखलात उतरला आणि त्यानं एक सबंध बांधी, म्हणजे चारी बाजूंनी बांध असलेला शेताचा तुकडा, अशी लावली, की इकडे धान दाट आणि तिकडे टक्कल. ती उपटून पुन्हा लावावी लागली. दुर्गाप्रसादांनी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभं राहून, रोवण्याच्या सगळ्या बायांसमोर निकाल दिला होता, "याच्या हातानं बांधी होत नाही. याले दुकान टाकून द्या."

दिलं टाकून. तेव्हापासून ओमेश्वर आमगावात गाड्यांच्या नंबर प्लेटा आणि दुकानांच्या पाट्या रंगवत होता. अक्षर मोत्यासारखं. पण मोत्यासारख्या अक्षरानं धान पिकत नाही, त्यामुळे घरात त्याचा उल्लेख कोणी करत नसे. पुढे दुर्गाप्रसाद त्याच धुऱ्यावरून घसरले, कमरेचं हाड मोडलं, आणि घरासमोरच्या सपरीतली खाट हेच त्यांचं शेत झालं. जमीन गावातल्या उदारामला बटईनं, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, दिली. मुलगा घरात असताना शेत परक्याच्या हाती द्यावं लागलं, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ओमेश्वर घरात असला की जरा मोठ्यानं सांगत.

२०१२ च्या दिवाळीला त्याचा साळा टिकेश पुण्याहून आला आणि त्यानं खिशातून अंगठ्याएवढा एक राक्षस काढला. दोन शिंगं, हातात कुऱ्हाड, अंगाला रंग नाही. पुण्यात चांगली पगारदार माणसं असे राक्षस रंगवतात, टेबलावर मांडतात आणि एकमेकांशी लढवतात, असं टिकेशनं सांगितलं. हे ऐकून घरातल्यांचा शिक्षणावरचा विश्वास फारच वाढला.

ओमेश्वरनं मात्र तो राक्षस हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही. बारीकातला बारीक ब्रश आणखी छाटून त्यानं राक्षसाचे दात, नखं, डोळ्यांतली लाली, सगळं रंगवलं. टिकेश बघतच राहिला. म्हणाला, "जीजाजी, जानेवारीत नागपूरला याची स्पर्धा आहे. फक्त याच्या पायाखाली जमीन पाहिजे. विकतची चालत नाही, स्वतः बनवलेली लागते. हा कुठला राहणारा आहे, ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे."

स्पर्धा म्हणजे परीक्षक, आणि परीक्षक म्हणजे सही-शिक्क्याचा कागद. असा एक कागद आणून बापाच्या खाटेवर ठेवायचा, एवढंच ओमेश्वरला हवं होतं. बोलायचं काही नाही, नुसता ठेवायचा.

मोबाइलवरचे परदेशी लोक राक्षसाखाली ज्वालामुखी बनवतात, म्हणून त्यानंही थर्माकोल कोरून एक ज्वालामुखी उभा केला. त्यावर गाड्यांचा फवाऱ्याचा रंग मारला, तर थर्माकोलच विरघळून गेला. आमगाव तालुक्यातला पहिला ज्वालामुखी असा स्वतःच्याच रंगानं मेला. ओमेश्वरनं दोन दिवस नुसत्या पाट्या रंगवल्या. मग त्याच्या लक्षात आलं, की ज्वालामुखी आपल्या बापानंही पाहिलेला नाही. आयुष्यात नीट पाहिलेली जमीन एकच होती.

एक पाय मोडलेला पोळपाट त्यानं स्वयंपाकघरातून उचलला. खालच्या बांधीतली माती आणून, वाळवून, चहाच्या गाळणीनं गाळली आणि फेव्हिकॉलमध्ये कालवून तिचे धुरे घातले. सुतळीचे धागे हिरवे रंगवून त्यांचे पऱ्हे केले, म्हणजे धानाची रोपं, आणि एकेक चिमट्यानं धरून लावायला बसला. त्याची बायको दुर्गेश्वरी गाळणीच्या शोधात आली आणि तिथेच थांबली.

"खऱ्या बांधीत पाय टाकला नाही जन्मभर," ती म्हणाली, "न आता पोळपाटावर शेती करून राहिले."

उजेड सपरीतच चांगला, म्हणून रविवारी तो खाटेशेजारी पोळपाट घेऊन बसे. पहिल्या रविवारी दुर्गाप्रसाद भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या रविवारी कूस बदलली. तिसऱ्या रविवारी काठीचं टोक पोळपाटावर आलं.

"धुऱ्याले पाणी काढाले तोंड कोठं हाय? पऱ्हे सडवतं का?"

ओमेश्वरनं धुरा कापून तोंड केलं. मग वरची बांधी खालच्या बांधीच्या बरोबरीला आली म्हणून ती उचलावी लागली. मग पऱ्हे दाट झाले म्हणून अर्धे उपटावे लागले. वडील खाटेवरून हुकूम सोडत होते आणि चाळिशी ओलांडलेला मुलगा चिमट्यानं चिखलणी करत होता. पाणी म्हणून त्यानं पारदर्शक गोंद ओतला तो पिवळट पडला, तर दुर्गाप्रसाद म्हणाले, "असंच राहू दे. रोवण्यात पाणी गढूळच राहते." एवढ्या वर्षांत त्यांनी मुलाची पसंत केलेली ही पहिली गोष्ट, आणि ती चुकून झालेली होती.

शेवटी ओमेश्वरनं बांधीच्या मधोमध राक्षस उभा केला. दुर्गाप्रसाद उठूनच बसले.

"हा पऱ्ह्यात कायले उभा केला? तुडवून राहिला ना."

"बाबूजी, राक्षस हाय तो. राक्षस तुडवतेच."

"असन राक्षस त्याच्या घरी. त्याले म्हणा, धुऱ्यावर उभा राय."

राक्षस धुऱ्यावर गेला. कुऱ्हाड काढून हातात फावडं द्यायचीही सूचना आली, पण तिथे ओमेश्वर अडून बसला. राक्षसाची काही तरी अब्रू राहायला हवी होती.

नागपूरच्या सभागृहात काळ्या टी-शर्टातले तीन परीक्षक पोळपाटावर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यातला एक जण फार सौजन्यानं म्हणाला, "जमीन अप्रतिम आहे, पण राक्षसाचा दरारा वाटत नाही हो. शेताची राखण करतोय, असं वाटतं." पहिलं बक्षीस एका पडक्या किल्ल्याला मिळालं. ओमेश्वरला सहभाग घेतल्याचा कागद मिळाला. तो सगळ्यांनाच मिळाला होता. येताना गाडीत त्यानं पोळपाट मांडीवर धरला होता, आणि त्याला वडिलांचा मनापासून राग आला होता. राक्षस मधोमध असता तर कोणी सांगावं. जिथे बापाचा संबंध नाही अशी एकच जागा सापडली होती, तिथेही बाप धुऱ्यावरून निकाल देऊन मोकळा झाला होता.

घरी आल्यावर त्यानं पोळपाट सपरीतल्या कोनाड्यात ठेवला.

"पयला नंबर कोणाचा आला?" दुर्गाप्रसादांनी विचारलं.

"एका पडक्या किल्ल्याचा."

"त्यात धान होतं?"

"नाही."

"मंग," दुर्गाप्रसाद म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली.

सकाळी उदाराम उन्हाळी धानाचं विचारायला आला. ओमेश्वर आत आरशासमोर दुकानाची तयारी करत होता. बाहेर नेहमीची खरडपट्टी सुरू झाली. बांध्या सपाट नाहीत, पाणी एकीकडे तुंबते, पऱ्हे कसेही लावतोस. मग काठी कोनाड्यावर आपटल्याचा आवाज आला.

"हे पाय. पाणी पाय किती ठेवलं हाय. तोंड कोठं देल्लं, ते पाय. अशी राखा लागते बांधी."

उदाराम जवळ गेला असावा. "हे तर आपलीच खालची बांधी हाय, पाटील. न हा शिंगवाला कोण?"

"राखणीले हाय. तू बांधी पाय."

"कोणं लावली?"

ओमेश्वरचा कंगवा केसांतच थांबला. बाहेर खाट करकरली.

"आमच्या ओमेश्वरनं," दुर्गाप्रसाद म्हणाले. "एका कोपऱ्यात विरळ हाय. पण लावली."

ओमेश्वरनं भांग पुन्हा पाडला, आणि वडिलांकडे न बघता सपरीतून खाली उतरला. नागपूरचा कागद पिशवीत तसाच होता. दुकानात त्या दिवशी त्यानं त्याला ब्रश पुसले.