जोडीची पट्टी
शहाण्णव साली रामनगरच्या आमच्या ऑफिसात नकाशे काढायचा एक जुना कॉम्प्युटर होता. त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे. तो फार हळू चालायला लागला, म्हणून मी मेमरीची एक मोठी, नवी पट्टी आणून बसवली. तर तो सुरूच होईना.

मग बेळगावहून मेकॅनिक आला. त्यानं चप्पल दाराशी काढली, कॉम्प्युटरच्या पेटीच्या पत्र्यावर तळवा टेकवला आणि आत डोकावून हसला. “एकटी पट्टी चालत न्हाई सायेब. बैलांगत जोडी लागतीय, सारख्या ताकदीची.” त्यानं माझी पट्टी काढून स्वतःजवळच्या दोन लहान, जुन्या पट्ट्या बसवल्या. माझा कॉम्प्युटर त्याच्या हातानं लगेच सुरू झाला. माझा नुसता जळफळाट झाला.

जाताना म्हणाला, “कोण सांभाळतंय हो ह्येला? आत धूळ न्हाई.”

माझंच कौतुक करून गेलेल्या त्या माणसाचं नाव मी मुद्दाम विचारलं नाही.